अकरावा धावपटू : ऑलिम्पिकच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाची चिकित्सा

प्रास्ताविक

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी ७ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री झाली. भारतात त्या वेळी मध्यरात्र उलटून तासाहून अधिक काळ लोटला होता. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा या गावचा अविनाश साबळे या शर्यतीत धावला. ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याने ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत शर्यत पूर्ण केली व तो अकरावा आला. मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. दोघांच्या वेळेत अंतर जेमतेम आठ सेकंदांचे.

ही आठ मिनिटे महाराष्ट्रात ज्यांनी जागून पाहिली, त्यांनी नेमके काय पाहिले? प्रारंभरेषेवर धावपटूंची ओळख होताना काही क्षणांचे एक समीपदृश्य, मग गर्दीतला निळा गणवेश, आणि अखेरीस निकालतक्त्यातली एक ओळ. अकराव्या क्रमांकाच्या धावपटूच्या वाट्याला पडद्यावर साधारणतः एवढेच येते. शेवटच्या दोन फेऱ्यांत तो कोठे होता, पाण्याच्या अडथळ्यावर त्याचे पाऊल कसे पडले, आघाडीशी त्याचा संपर्क कोणत्या टप्प्यावर सुटला, हे प्रश्न प्रेक्षकाला पडतात. परंतु त्यांची उत्तरे चौकटीबाहेर राहतात.

क्रीडाप्रक्षेपणाविषयीची नाराजी आपल्याकडे बहुधा चहाच्या टेबलावर व्यक्त होते आणि तेथेच विरते. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर तिला फारसे स्थान नसते, आणि विद्यापीठीय अभ्यासात माध्यमचिकित्सा बहुतांशी वार्ता व मालिका यांभोवती फिरते. वस्तुतः खेळाचे प्रक्षेपण ही एक संहिता आहे. तिलाही निवेदक, दृष्टिकोन, निवड आणि गाळणूक असते. प्रस्तुत लेखात या संहितेच्या भारतीय रूपाची, विशेषतः ऑलिम्पिकच्या संदर्भात, चिकित्सा करावयाची आहे. नाराजी व्यक्त करणे एवढाच हेतू नसून ती नेमकी कोणाविषयी असावयास हवी, हे निश्चित करणे हा आहे. कारण या बाबतीत प्रेक्षक अनेकदा चुकीच्या दारावर थाप मारतो.

जागतिक चित्रसंकेत आणि त्याची तटस्थता

ऑलिम्पिकची मूळ चित्रे कोणतीही भारतीय वाहिनी टिपत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००१ मध्ये ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही संस्था स्थापन केली. आज स्पर्धेच्या प्रत्येक मैदानावरील चित्रण तीच करते आणि तयार झालेला संकेत जगभरच्या हक्कधारक वाहिन्यांना पुरवते. पॅरिसमध्ये या संस्थेने अकरा हजार तासांहून अधिक आशय निर्माण केला. हे चित्रण कोणत्याही एका देशाला झुकते माप देणारे नसावे, असे तिचे धोरण आहे.

तटस्थतेचा हा आग्रह रास्त आहे, परंतु त्याचा एक सहज न जाणवणारा परिणाम आहे. कॅमेऱ्याने कोणत्याही देशाकडे झुकायचे नाही, असे ठरले की तो जिंकणाऱ्याकडे झुकतो. शर्यतीत आघाडी ही एकच वस्तुनिष्ठ जागा असल्यामुळे तटस्थ दिग्दर्शक आघाडीवर स्थिरावतो. ज्या देशांचे खेळाडू नेहमी पुढे असतात त्यांना या तटस्थतेची झळ कधीच लागत नाही. ज्यांचे खेळाडू अकरावे येतात त्यांच्यासाठी मात्र ती अदृश्यतेचेच दुसरे नाव ठरते.

यावर उपाय नाही असे नव्हे. हक्कधारक वाहिनीला मूळ संकेतावर स्वतःचे समालोचन चढवता येते, आणि पैसे मोजण्याची तयारी असल्यास स्वतःचे कॅमेरेही लावता येतात. श्रीमंत देशांच्या वाहिन्या तसे करतात. म्हणजे साबळे दिसत नाही याचा दोष आंतरराष्ट्रीय दिग्दर्शकाकडे अल्पांशानेच जातो. उरलेला दोष त्या चित्रावर बोलणाऱ्याचा, ते चित्र निवडणाऱ्याचा आणि ते मध्येच तोडणाऱ्याचा असतो.

अमेरिकी प्रेक्षकाची तक्रार

येथे तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. तेथील एनबीसी या वाहिनीसमूहाने २०१४ मध्ये २०२१ ते २०३२ या काळातील ऑलिम्पिकचे हक्क ७.७५ अब्ज डॉलरला घेतले. इतका पैसा देणारा केवळ चित्र विकत घेत नाही. तो घड्याळही विकत घेतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जलतरणाच्या अंतिम शर्यती सकाळी ठेवल्या गेल्या, त्या अमेरिकेत रात्रीच्या मोक्याच्या वेळी थेट दिसाव्यात म्हणून. २०१६ मध्ये रिओ येथे याच शर्यती स्थानिक वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारास सुरू होत. खेळाडूच्या शरीराची लय वाहिनीच्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्याचा हा प्रकार आता कोणालाही विशेष वाटत नाही, हेच खरे तर विशेष आहे.

आणि तरीही अमेरिकी प्रेक्षक समाधानी नव्हता. त्याच बीजिंगमध्ये १६ ऑगस्ट २००८ रोजी उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.६९ सेकंदांत कापले. ही शर्यत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी थेट दाखवता आली असती. एनबीसीने ती राखून ठेवून रात्री दाखवली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात अक्रम खान यांनी साकारलेले स्मरणनृत्य वगळून त्या जागी जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांची मुलाखत दाखवण्यात आली. या दोन्ही प्रसंगी तेथे मोठी टीका झाली.

भारतीय प्रेक्षकाची व्यथा याहून वेगळ्या जातीची आहे. अमेरिकी प्रेक्षकाला घडून गेलेली गोष्ट उशिरा दाखवली जाते, पण निदान ती कथा म्हणून आखीव स्वरूपात दाखवली जाते. आपल्याकडे गोष्ट चालू असताना प्रेक्षकाला तिच्यातून उठवून दुसऱ्या मैदानावर नेले जाते. तेथून स्टुडिओत, स्टुडिओतून जाहिरातीत. तेथे विलंब आहे, येथे विच्छेद आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे वर्णन करताना ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली होती : सुटे कार्यक्रम आणि त्यांच्यामधल्या जाहिराती मिळून एक अखंड प्रवाह तयार होतो आणि प्रेक्षक तोच अनुभवतो. आपल्या ऑलिम्पिक प्रक्षेपणाला ही संकल्पना लावू गेल्यास जाहिरातींचा प्रवाह तेवढा अखंड आढळतो. मध्ये मध्ये अडथळा येतो तो खेळाचा.

षटकांच्या मधली फट

या विच्छेदाचे मूळ क्रिकेटमध्ये आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीय क्रीडाप्रक्षेपणाचे व्याकरण क्रिकेटने घडवले. एकदिवसीय सामन्यात शंभर षटके असतात. म्हणजे डावामधली विश्रांती, गडी बाद होणे, पाणी पिणे हे सारे सोडले तरी जवळजवळ शंभर फटी आयत्या मिळतात. जाहिरातदाराला हवी असलेली लय खेळाच्या अंगातच होती. पुढे ती फट रुंदावत गेली. षटकाचा पहिला चेंडू जाहिरातीत गेला, ही तक्रार १९९० नंतरच्या प्रत्येक प्रेक्षकाने केव्हा ना केव्हा केलेली असेल. इंडियन प्रीमियर लीगने तर २००९ मध्ये डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची ‘डावपेचांची विश्रांती’ घालून खेळाचीच रचना बदलली; खेळाडूंनीच नाराजी दाखवल्यावर ती लहान करण्यात आली, तरी मोडीत निघाली नाही.

हे व्याकरण जसेच्या तसे ऑलिम्पिकवर लादले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. कुस्तीची लढत सहा मिनिटांची : तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या सलग घ्याव्या लागतात. मध्ये कोणी थांबत नाही. नेमबाजीत दोन फैरींमधली शांतता हाच नाट्याचा गाभा असतो. या खेळांना क्रिकेटसारख्या फटी नाहीत. मग फट पाडावी लागते, आणि ती कोठे पाडायची हे खेळ न जाणणारा माणूस ठरवतो.

शिवाय क्रिकेटने दुसरीही एक सवय लावली आहे. सामना भारताचा असेल तरच तो पाहण्याजोगा, आणि भारत हरला की तो संपला. ऑलिम्पिकमध्ये जे अनेक खेळ एकाच वेळी चालू असतात, त्यांतून ‘आपला’ खेळाडू शोधत फिरणारे प्रक्षेपण ही या सवयीचीच परिणती आहे. तो हरताच कॅमेरा पुढच्या मैदानावर जातो. ज्याच्याकडून तो हरला त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यात कोणालाही स्वारस्य उरत नाही.

रेपेशाजचा धडा

वास्तविक निदान कुस्तीमध्ये तरी हे स्वारस्य उरावयास हवे. २० ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ६६ किलो वजनगटात सुशील कुमार पहिलीच लढत युक्रेनच्या आंद्री स्टाडनिककडून हरला. ‘हरला म्हणजे संपला’ या न्यायाने त्याची कथा तेथे संपली होती. परंतु ऑलिम्पिक कुस्तीत रेपेशाज नावाची तरतूद आहे : अंतिम फेरीत पोहोचलेल्या मल्लाकडून जे हरले, त्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. म्हणजे पहिल्या पराभवानंतर सुशीलचे भवितव्य स्टाडनिकच्या लढतींवर अवलंबून होते. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला आणि मग सुशीलने अमेरिका, बेलारूस व कझाकस्तान यांच्या मल्लांना साधारण सव्वा तासाच्या आत ओळीने हरवून कांस्य मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर भारताला कुस्तीत मिळालेले हे पहिले पदक होते. २०१६ मध्ये साक्षी मलिकचे कांस्यही याच वाटेने आले.

एका दृष्टीने पाहता हा उत्कृष्ट नाट्यविषय होय. नायक स्वतः रंगमंचावर नाही आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या विजयावर त्याचे सारे अवलंबून आहे. स्टाडनिकच्या लढती दाखवून, त्या का दाखवत आहोत हे दोन वाक्यांत सांगितले असते, तर प्रेक्षकाने आयुष्यात प्रथमच एखाद्या युक्रेनियन मल्लासाठी देव पाण्यात घातले असते. परंतु ज्या प्रक्षेपणपद्धतीत पराभूत खेळाडूला चौकटीत जागाच नाही, तिला असले नाट्य दिसणे अवघड. रेपेशाज म्हणजे काय हे आपल्याकडे बहुसंख्यांना पदक मिळाल्यानंतर कळले, आणि दर चार वर्षांनी ते नव्याने समजावून सांगावे लागते.

खाशाबांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने हेलसिंकी येथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९५९ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला आणि मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे खाशाबांच्या लढती महाराष्ट्राने कल्पनेनेच पाहिल्या. एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले आणि आक्षेप घ्यायला भारताचा अधिकारी तेथे नव्हता, ही हकीकत सातारा-कोल्हापूर भागात आजही तपशीलवार सांगितली जाते. चित्र नसताना एका पराभवाचा इतका तपशील लोकस्मृतीत टिकला. उलट ललिता बाबरचे उदाहरण घ्या. माण तालुक्यातील मोही गावच्या या धावपटूने १५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. पी. टी. उषाच्या १९८४ मधील अंतिम शर्यतीनंतर धावमार्गावरील अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. भारतात त्या वेळी संध्याकाळ होती आणि सुटीचा दिवस होता. चित्र उपलब्ध होते. पण त्या धावेतला एखादा तपशील आज किती जणांना सांगता येईल?

शब्दांचा तुटवडा

स्मृती टिकते ती शब्दांमुळे, आणि समालोचन हा या प्रक्षेपणाचा सर्वांत दुबळा भाग आहे. क्रिकेटसाठी मराठीने शब्दांची शिदोरी जमवली : षटक, यष्टिरक्षक, पायचीत, धावचीत, झेलबाद. वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीने ती जमवली. बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे समालोचन रुजवले, वि. वि. करमरकर यांनी मराठी दैनिकात क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. नभोवाणीवरच्या समालोचकाला मैदान शब्दांतूनच उभे करावे लागे, म्हणून त्याला मैदान माहीत असावे लागे. दूरचित्रवाणीवर चित्र आयते मिळते, तेव्हा समालोचकाने न दिसणारे सांगावे ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो दिसणारेच मोठ्याने सांगतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा हा नेमबाज त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा आला होता. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि अखेरीस उभे राहून नेम धरायचा असतो. गुडघ्यावरच्या फैरींनंतर तो सहावा होता, पालथ्या स्थितीनंतर पाचवा, आणि उभे राहून नेम धरताना तो तिसऱ्या स्थानावर चढला. ४५१.४ गुणांवर तो थांबला. चीनचा सुवर्णविजेता ४६३.६ वर गेला.

उभ्या स्थितीत रायफलला जमिनीचा आधार नसतो, म्हणून तेथेच क्रमवारी उलटीपालटी होते. ही एक गोष्ट आधी सांगितली असती, तर सहाव्या क्रमांकावरच्या नेमबाजाकडे प्रेक्षकाने आशेने पाहिले असते. गुण दशांशात मोजले जातात, म्हणजे १०.१ आणि १०.८ यांत पदकाचे अंतर असू शकते. खेळाडू एकामागून एक बाद होत जातात. बंदूक खाली घेऊन पुन्हा उचलणे ही कचराई नसून शहाणपण असते. या साऱ्यांची जाण नसली तर नेमबाजी म्हणजे काही माणसे स्तब्ध उभी आहेत आणि आकडे बदलत आहेत, एवढेच दिसते. अशा वेळी समालोचक ‘देशाच्या आशा’, ‘कोट्यवधींच्या प्रार्थना’ या ठरावीक शब्दांचा आश्रय घेतो. त्या शब्दांचा विषय नेमबाज नसतोच. तो प्रेक्षक असतो.

कुस्तीच्या बाबतीत तर ही दरिद्रता अधिकच बोचते. पश्चिम महाराष्ट्रात यात्रेच्या मैदानावर ध्वनिक्षेपक हाती घेऊन बोलणारा निवेदक एकेरी पट, कलाजंग, ढाक, धोबीपछाड ही नावे डाव पडण्याच्या क्षणीच उच्चारतो. मल्लाचे गाव, तालीम आणि वस्ताद त्याच्या जिभेवर असतात. मॅटवरची गुणांची कुस्ती मातीतल्या निकाली कुस्तीहून वेगळी आहे, हे मान्य. तथापि ज्या समाजाकडे डाव पाहण्याची इतकी तयार दृष्टी आहे, त्याच्यासमोर जगातील सर्वोत्तम कुस्ती ‘आणखी दोन गुण’ एवढ्या भाष्यासह ठेवली जाते, हे खेदजनक आहे.

कायदा आणि सार्वजनिक प्रसारक

खासगी वाहिन्या नफ्यासाठी आहेत, त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी, असे म्हणून दूरदर्शनकडे वळावे तर तेथेही समाधान नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा महत्त्वाचा निर्णय दिला. त्या खटल्याचे निमित्त १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणहक्कांचे होते. जानेवारी २००७ मध्ये नागपूरला झालेला भारत-वेस्ट इंडीज सामना हक्कांच्या वादामुळे दूरदर्शनवर थेट दिसू शकला नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने प्रक्षेपणास मुभा दिली. त्याच वर्षी राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा संकेत प्रसार भारतीला देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. त्यानुसार दूरचित्रवाणीवरील जाहिरात उत्पन्न हक्कधारक व प्रसार भारती यांच्यात किमान ७५ आणि २५ टक्के या प्रमाणात वाटले जाते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा संकेत प्रसार भारतीच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणावर व डीटीएच सेवेवरच वापरता येईल, असा निर्वाळा दिला.

हा सारा इतिहास संकेत कोणाला मिळावा याचा आहे. मिळालेल्या संकेताचे काय करावे, याविषयी तो मौन आहे. प्रेक्षकाच्या हक्काची चर्चा आपल्याकडे चित्र घरापर्यंत पोहोचले की संपते. त्या चित्राला जाणकार भाषा मिळावी, ती प्रादेशिक असावी, खेळ निदान त्याच्या नैसर्गिक शेवटापर्यंत दाखवला जावा, या गोष्टी सार्वजनिक प्रसारकाच्या कर्तव्यात मोडतात. उत्पन्नातील चतुर्थांश वाटा मिळवणाऱ्या संस्थेला त्या परवडणाऱ्याही आहेत.

दोन आक्षेप

या विवेचनावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ही तक्रार आता कालबाह्य झाली. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय हक्कधारकाच्या महाजाल-सेवेवर अनेक संकेत एकाच वेळी उपलब्ध होते आणि केवळ भारतीय खेळाडूंचा पाठलाग करणारा एक स्वतंत्र संकेतही होता. ज्याला साबळे पाहायचा त्याने साबळे पाहावा. आक्षेपात तथ्य आहे. परंतु वीस खिडक्या उघडून देणे म्हणजे कथन नव्हे. कोणत्या खिडकीत कधी डोकवावे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच या सोयीचा लाभ होतो. ज्याला स्टीपलचेस हा शब्दच नवा आहे त्याच्यासाठी निवड करून देणारा जाणता संपादक लागतो. शिवाय भ्रमणध्वनीवर एकट्याने पाहिलेली शर्यत आणि घरात, वसतिगृहात वा चावडीवर मिळून पाहिलेली शर्यत यांत फरक आहे. आणि स्वतंत्र खिडकीतही चित्र येते ते आघाडीवर खिळलेल्या त्याच कॅमेऱ्याचे.

दुसरा आक्षेप नेहमीचा : प्रेक्षकालाच हे नको आहे. याला उत्तर म्हणून कबड्डीकडे बोट दाखवता येईल. २०१४ पर्यंत कबड्डी हा पडद्यावर न खुलणारा खेळ मानला जाई. त्या वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. चढाईच्या तीस सेकंदांचे घड्याळ पडद्यावर आले, कॅमेरा खेळाडूच्या पायाच्या उंचीवर उतरला, पकडीचे मंदगती पुनर्दर्शन होऊ लागले, आणि ज्या शहरी प्रेक्षकाने शाळा सुटल्यावर कबड्डी पाहिली नव्हती त्याला बोनस रेषेचे मोल समजू लागले. तेथे धंदा होता हे खरेच. पण प्रेक्षकाची रुची घडवता येते हेही त्यातून दिसून आले.

इचिकावाचा कॅमेरा

कॅमेऱ्याला खेळाकडे आणखीही एका रीतीने पाहता येते, याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीचा आहे. १९६४ च्या ऑलिम्पिकवर जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांनी ‘तोक्यो ऑलिम्पियाड’ हा माहितीपट केला. तो १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात विक्रम आहेतच. पण इचिकावांनी एक मोठा भाग चाड या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातून आलेल्या ८०० मीटरच्या धावपटूला दिला. तो पदकाच्या जवळपासही पोहोचला नाही. तो क्रीडाग्रामात एकटा वावरतो, एकटाच जेवतो, धावतो आणि हरतो. चित्रपटाच्या जपानी आश्रयदात्यांना हे रुचले नाही. त्यांना निकालांची रीतसर नोंद हवी होती. त्याच स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत सिलोनचा रणतुंगे करुणानंद सर्वांच्या मागे राहूनही, इतरांनी शर्यत संपवल्यानंतर, उरलेल्या फेऱ्या एकट्याने पूर्ण करीत होता, आणि प्रेक्षागार अखेर त्याच्यासाठी उभे राहिले.

चित्रपटाला संपादनासाठी महिने मिळतात आणि थेट प्रक्षेपणाला सेकंद, ही मर्यादा मान्यच आहे. परंतु रात्रीच्या संकलित कार्यक्रमाला ती मर्यादा नसते. दिवसभराच्या अकराव्या, दहाव्या, चौथ्या क्रमांकांना अर्धा तास देणारा, त्यांच्या शर्यती मूळ चित्रणातून शोधून काढून जाणकाराकडून उलगडून सांगणारा कार्यक्रम कोणत्याही हक्कधारकाला करता येण्याजोगा आहे. आपल्याकडे तो वेळ माजी क्रिकेटपटूंच्या शुभेच्छांनी भरला जातो.

यापुढचे ऑलिम्पिक २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला आहे. तेथे १९०० नंतर प्रथमच क्रिकेट खेळले जाईल, तेही वीस षटकांचे. भारतातील प्रक्षेपणहक्कांचे मोल त्यामुळे वाढेल, अशी चर्चा हा निर्णय होण्याच्या आधीपासूनच होती. भारतीय घड्याळ तेथील घड्याळाच्या साडेबारा तास पुढे असेल. तेथली सकाळ ती आपली रात्र, आणि तेथली संध्याकाळ ती आपली सकाळ. या वेळांत भारताचा साखळी सामना आणि एखाद्या नेमबाजाची उभ्या स्थितीतली शेवटची फैर एकत्र आली, तर मुख्य वाहिनीवर काय असेल? निदान षटक संपल्यानंतरच्या फटीत तरी त्या नेमबाजाला जागा मिळेल, असे म्हणावे, तर ती फट आधीच विकली गेलेली असेल.